काळी चारच्या जरा वर

परात पडली तेव्हा मी ओट्याखाली वाकून
गॅसची नळी बघत होते.
पितळी परात, लग्नातली, अडीच किलोची,
मांडणीच्या वरच्या फळीवरून थेट कडप्प्यावर,
माझ्या डाव्या कानापासून वीतभर.
आवाज ऐकू आला असं म्हणता येत नाही.
पांढरं काहीतरी झालं, एवढंच.

मग घरभर सामसूम, आणि सामसुमीत एक सूर.
पहिल्या दिवशी वाटलं, शेजारी टीव्ही बंद करायला विसरले.
तिसऱ्या दिवशी दुकानातली पेटी पुढ्यात घेतली
आणि शोधला.
काळी चारच्या जरा वर.
काळी पाचला पोचत नाही, कुठल्याच पट्टीत बसत नाही.
वीस वर्षं मी लोकांच्या पेट्या सुरात लावते :
चढवायचा तर रीडच्या टोकाशी खरवडायचं,
उतरवायचा तर बुडाशी.
हे रीड कुठं बसवलंय, तेच सापडत नाही.

टिळक रोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कापूस नको, कापसानं मनाचं समाधान होतं.
रबरी बोळे घाला, पण मिक्सरपुरते.
दिवसभर घातलेत तर कान हावरा होईल,
चमचा ठेवला तरी खाऊ का गिळू करेल.

झाली घराची शिकवणी सुरू.
मिक्सरखाली जुन्या सतरंजीची चौघडी.
खुर्च्यांच्या पायांत चिरलेले टेनिसचे चेंडू.
बाथरूमचं दार वाऱ्यानं आपटतं,
त्याच्या चौकटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
हेमंत कुकरवर नजर ठेवून ओरडतो, "शिट्टी येतेय!"
ते शिट्टीहून मोठं असतं.

मामंजींना कसं सांगायचं?
एकतीस वर्षं भोसरीत, तीन टनी हॅमरवर.
ट्रकमधून विटा उतरवाव्यात तशा वाट्या रचतात,
चेहरा पूजेला बसल्यासारखा.
त्यांच्या जगात स्टीलला आवाजच नाही.
मी दचकते ते दिसतं त्यांना. एकदा विचारलं,
"पाल होती का गं?"

शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं : भांडी. माझा कान.
तीनच शब्द. बराच वेळ वाचत बसले.
मग दुपारभर माळ्यावर खुडबुड.
खुडबुड कसली, भूकंप.
मी जिन्यात उभी, बोटं कानांत घालून.
खाली उतरले ते हातात खोकं घेऊन.
पिवळे इअरमफ. प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.
खोक्यावर निळी शाई :
गोळे ज्ञा. म., तिकीट नं. ४१७, हॅमर शॉप.
"कंपनीनं सगळ्यांना दिले होते.
घातले की पोरं हसायची. गजरा माळला म्हणायची."
थोडं थांबून,
ज्या मोठ्या आवाजात ते कुजबुजतात त्या आवाजात,
"घालायला पाहिजे होते."

आता शेंगदाण्याचा कूट करायचा असला की
आधी माझ्यासमोर येऊन ते दोन्ही हात कानांवर ठेवतात.
मी पिवळे चढवते, मान हलवते.
आतला स्पंज कडक झालाय, टोचतो.
ते बटण दाबतात, झाकणावर तळहात ठेवतात,
कूट किती बारीक झाला ते हाताला कळतं त्यांच्या.

काल कूट डब्यात भरता भरता म्हणाले,
"कसला असतो गं, तुझा तो आवाज?"
सांगता येईना. पेटी काढली.
त्यांचा तळहात लाकडावर ठेवला, भाता ओढला, काळी चार दाबली.
याच्या जरा वर, बोटानं दाखवलं.

ते हाताकडे बघत राहिले.
"माझा खालचा आहे," म्हणाले.
"हॅमर बंद पडल्यावर मागं राहायचा ना, तसला."

घरात कुणालाच माहीत नव्हतं.
मी एकेक पट्टी खाली येऊ लागले.
ते तळहात न उचलता मान हलवत होते :
अजून.
अजून.